सात भिडू, एक पट: बैठ्या खेळांविषयी वाचकांचे प्रश्न

मित्रमंडळींनी ठरवून एकत्र जमावे आणि संध्याकाळभर पटावरचे खेळ खेळावेत, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळी उत्तरासाठी निवडली आहेत. बरीच पत्रे लांब होती. प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवून ती येथे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न: आम्ही सात मित्रमैत्रिणींनी दर महिन्याला एकदा भेटून बोर्ड गेम खेळायचे ठरवले आहे. आमच्याकडच्या बहुतेक खोक्यांवर 'दोन ते चार खेळाडू' असे छापलेले आहे. काहींच्या मते सगळ्यांना सामावून घेणारा एकच मोठा खेळ आणावा, तर काहींच्या मते दोन गट करावेत. गट केले तर एकत्र भेटण्याला काय अर्थ उरला, असे मला वाटते. आपण काय सुचवाल?

उत्तर: सात ही संख्या अवघड खरी, पण अडचण खोक्यावरच्या आकड्यापेक्षा वाट पाहण्यात जाणाऱ्या वेळेची आहे. एकामागून एक पाळी येणाऱ्या खेळात प्रत्येकाने दोन मिनिटे घेतली, तर सात जणांच्या डावात आपली खेळी झाल्यापासून पुन्हा आपली पाळी येईपर्यंत बारा मिनिटे जातात. त्या बारा मिनिटांत पटावर जे घडते त्याच्याशी आपला संबंध नसेल, तर माणूस साहजिकच शेजाऱ्याशी दुसऱ्या विषयावर बोलू लागतो, मग त्याची पाळी आली की त्याला मधले सगळे पुन्हा सांगावे लागते आणि दोनाची चार मिनिटे होतात. म्हणून मोठ्या गटासाठी खेळ निवडताना किती जण खेळू शकतात हे पाहण्याआधी, आपली पाळी नसताना खेळाडूच्या वाट्याला काय येते हे पाहावे.

या कसोटीवर उतरणारे चांगले खेळ आहेत. आंत्वान बोझा यांनी २०१० साली आणलेला 'सेव्हन वंडर्स' तीन ते सात जणांसाठी आहे. प्रत्येकाच्या हातात पत्ते असतात, त्यातला एक निवडून सगळे जण तो एकाच वेळी उघडतात आणि उरलेले पत्ते शेजाऱ्याकडे सरकवतात. सगळ्यांची खेळी एकत्रच होत असल्यामुळे सात जणांना चौघांपेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही. शिवाय व्यापार आणि लढाई फक्त डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याशी असते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या टोकाला काय चालले आहे याची चिंता करावी लागत नाही. त्यातल्या पत्त्यांवरची चिन्हे सरावाची व्हायला मात्र एक पूर्ण डाव जातो, म्हणून पहिल्याच संध्याकाळी तो काढू नये.

पहिल्या संध्याकाळसाठी मी 'कोडनेम्स' सुचवेन. व्लादा ख्वातिल यांचा हा खेळ २०१५ साली आला. टेबलावर पंचवीस शब्द मांडलेले असतात, दोन संघ असतात, आणि प्रत्येक संघातला एक जण फक्त एक शब्द आणि एक आकडा एवढीच खूण देऊन आपले शब्द सोबत्यांकडून ओळखून घेतो. एक शब्द मारेकऱ्याचा असतो, त्याला हात लागला की डाव तिथेच हरला. दुसऱ्या संघाची चर्चा चालू असतानाही आपण कान देऊन ऐकत असतो, कारण त्यांच्या बोलण्यातून कोणते शब्द त्यांचे आहेत याचा अंदाज येतो. एका संघात चार आणि दुसऱ्यात तीन असले तरी काही बिघडत नाही. तयार शब्द इंग्रजीत असतील तर कोऱ्या कार्डांवर आपले शब्द लिहून घ्यावेत, आणि दोन-तीन अर्थांनी वापरले जाणारे शब्द मुद्दाम निवडावेत: पान, तार, कर, डाव, मान. खूण देणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच लागते.

गट पाडण्याविषयीची आपली नाराजी समजण्यासारखी आहे, पण चार आणि तीन असे दोन डाव समांतर मांडले म्हणजे भेट मोडली असे होत नाही; मात्र दोन्ही डाव साधारण एकाच वेळी संपले पाहिजेत. 'कार्कासोन' आणि 'अझुल' या फरशा मांडण्याच्या दोन खेळांची जोडी यासाठी सोयीची आहे. दोन्ही पाऊण तासाच्या आसपास आटोपतात. 'कार्कासोन'मध्ये तर बहात्तर फरशा संपल्या की डाव संपतो, त्यामुळे ढिगाकडे नजर टाकली की किती वेळ उरला ते कळते. सुरुवात सगळ्यांनी मिळून एखाद्या छोट्या खेळाने करावी, मधला तासभर दोन टेबलांवर जावा आणि शेवटी पुन्हा सगळे एकत्र यावेत. कोण कुठल्या टेबलावर बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत तेच चार आणि तेच तीन असे कायमचे कंपू तयार होतात, आणि आपल्याला नेमकी त्याचीच भीती आहे.

प्रश्न: नवा खेळ समजावून सांगण्याचे काम नेहमी माझ्याकडे येते. मी नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचून दाखवतो, पण दहा मिनिटांत सगळ्यांचे लक्ष उडते आणि खेळ सुरू झाल्यावर 'हे तू सांगितलेच नाहीस' अशी तक्रार होते. नियम सांगण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर: आहे, आणि संध्याकाळ रंगणार की नाही हे निवडलेल्या खेळापेक्षाही तिच्यावर जास्त अवलंबून असते असे माझे ठाम मत आहे. नियमपुस्तिका ही शंका आल्यावर उघडून पाहण्यासाठी लिहिलेली असते. ती मोठ्याने वाचून कोणाला खेळ येत नाही. सांगणाऱ्याने आदल्या दिवशी ती एकट्याने वाचावी, पट प्रत्यक्ष मांडावा आणि दोन काल्पनिक भिडूंच्या वतीने स्वतःच पाच-सहा खेळ्या करून पाहाव्यात. वाचताना सोपा वाटलेला नियम कुठे अडतो ते यातून कळते, आणि नेमके तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी मित्र विचारणार असतात.

सांगण्याचा क्रम पुस्तिकेपेक्षा वेगळा ठेवावा. आपण सगळे या खेळात कोण आहोत हे आधी एका वाक्यात सांगावे. लगेच पुढे डाव केव्हा संपतो आणि कोण जिंकतो हे सांगावे, कारण शेवट माहीत असला की मधल्या प्रत्येक नियमाचे प्रयोजन ऐकणाऱ्याला आपोआप कळते. त्यानंतर पाळी आल्यावर काय काय करता येते ते सांगावे आणि एक नमुन्याची पाळी खेळून दाखवावी. अपवाद, बारकावे आणि क्वचित उद्भवणारे प्रसंग तेव्हाच्या तेव्हा सांगितले तरी चालतात.

उदाहरण म्हणून अ‍ॅलन मून यांचा 'तिकीट टू राइड' घेऊ. आपण सगळे रेल्वेमार्ग टाकणारे आहोत. प्रत्येकाकडे पंचेचाळीस डबे आहेत, आणि कोणाकडे दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की प्रत्येकाची आणखी एक पाळी होऊन डाव संपतो. ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची: रंगीत पत्ते घ्यायचे, किंवा पत्ते देऊन एखादा मार्ग आपला करायचा, किंवा नवी तिकिटे उचलायची. एवढे सांगायला तीन-चार मिनिटे पुरतात. पण याच खेळात एक नियम असा आहे की तो मागे ठेवता येत नाही: हातातल्या तिकिटावरची दोन शहरे डाव संपेपर्यंत जोडता आली नाहीत, तर तिकिटाचे गुण मिळत नाहीतच, उलट तेवढे वजा होतात. सुरुवातीला मिळालेल्या तीन तिकिटांपैकी किमान दोन ठेवावी लागतात, म्हणजे कोणती ठेवायची हा निर्णय पहिल्या पाळीच्याही आधी घ्यावा लागतो. हा नियम शेवटी सांगितला, तर ज्याने हौसेने तिन्ही लांबची तिकिटे ठेवली त्याला फसवल्यासारखे वाटेल, आणि ते वाटणे रास्तच असेल. लांब मार्गांना प्रमाणापेक्षा जास्त गुण मिळतात, म्हणजे एका डब्याच्या मार्गाला १ गुण तर सहा डब्यांच्या मार्गाला १५, हेही आधीच सांगावे. याउलट पाच उघड्या पत्त्यांत तीन इंजिने आली तर पाचही पत्ते बदलायचे, हा नियम ती वेळ आल्यावरच सांगावा.

एखादा नियम आधी सांगायचा की नंतर, हे ठरवताना मी एवढेच पाहतो: तो न कळल्यामुळे एखाद्याने केलेली निवड त्याला पुढे महागात पडणार आहे का? पडणार असेल तर तो आधी सांगावा.

आणखी एक सूचना. पहिला डाव सगळ्यांसाठी शिकण्याचा आहे असे आरंभीच जाहीर करावे, आणि त्यात कोणालाही खेळी परत घेऊ द्यावी. 'कटान' या घरे वसवण्याच्या खेळाच्या नियमपुस्तिकेत नवख्यांसाठी पटाची आणि पहिल्या घरांची ठरावीक मांडणी दिलेली आहे. ती जरूर वापरावी. त्या खेळात पहिली दोन घरे कुठे बांधली यावर पुढचा सगळा डाव अवलंबून असतो, आणि ज्याने खेळ एकदाही पाहिलेला नाही त्याच्याकडून ही निवड करवून घेणे अन्यायाचे आहे.

प्रश्न: आम्हाला सगळ्यांनी मिळून पटाविरुद्ध खेळायचे खेळ आवडतात, विशेषतः 'पँडेमिक'. पण आमचा एक मित्र प्रत्येकाच्या पाळीला 'तू इकडे जा, हे पत्ते दे' असे सांगत राहतो. त्याचे सल्ले बरोबर असतात, आम्ही जिंकतोही, पण खेळलो असे वाटत नाही. त्याला न दुखावता हे कसे थांबवावे?

उत्तर: मॅट लीकॉक यांचा 'पँडेमिक' २००८ साली आला आणि सहकाराच्या खेळांकडे असंख्य लोक त्याच्यामुळे वळले. पण आपण वर्णन केलेली अडचण या प्रकाराच्या रचनेतच आहे. कुठल्या शहरात रोग किती पसरला आहे हे सगळ्यांना दिसते, कोणाकडे कोणते पत्ते आहेत हे बोलता येते, आणि उद्दिष्ट सगळ्यांचे एकच असते. मग ज्याचा हिशेब सर्वांत जलद होतो तो एकटाच चौघांचा डाव खेळू शकतो. म्हणजे आपल्या मित्राच्या स्वभावाइतकाच हा खेळाच्या घडणीचा प्रश्न आहे, आणि हे त्याला सांगितले तर बोलणे बरेच सोपे होईल.

सगळ्यांसमोर, डाव चालू असताना त्याला टोकू नये. एकांतात, दुसऱ्या एखाद्या दिवशी सांगावे की त्याचे सल्ले योग्य असतात, पण इतरांना स्वतः विचार करून चुकण्याची संधी हवी आहे. माझ्या पाहण्यात असे बहुतेक लोक वर्चस्व गाजवण्यासाठी बोलत नसतात. पटावरचे संकट त्यांना फार खरे वाटत असते आणि गप्प बसणे त्यांना जड जाते. त्यानंतर गटाने एक साधा दंडक ठेवावा: ज्याची पाळी असेल त्याने आधी आपला विचार बोलून दाखवायचा, आणि त्याने विचारल्याशिवाय इतरांनी सल्ला द्यायचा नाही. शेवटचा निर्णय त्याचाच, मग त्यामुळे डाव हरला तरी चालेल. हरण्याची ही तयारी सगळ्यांनी मनापासून दाखवली नाही तर दंडक दोन पाळ्यांच्या पुढे टिकणार नाही.

याने भागले नाही तर खेळ बदलावा. 'हानाबी'मध्ये प्रत्येक जण आपले पत्ते उलटे, म्हणजे इतरांना दिसतील आणि स्वतःला दिसणार नाहीत असे धरतो, आणि आपल्या हातात काय आहे हे सोबत्यांनी दिलेल्या मोजक्या खुणांवरून ओळखतो. इथे सल्ले देण्यावर नियमांचेच बंधन आहे. 'द माइंड'मध्ये तर १ ते १०० आकड्यांचे पत्ते एक शब्दही न बोलता चढत्या क्रमाने टाकायचे असतात. हिशेबात पटाईत असलेल्या माणसालाही तिथे समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत थांबावेच लागते. आपल्या मित्राला हा खेळ मनापासून आवडण्याची शक्यता बरीच आहे, कारण त्याची एकाग्रता तिथे सगळ्यांच्या कामाची ठरेल.

प्रश्न: लहानपणीच्या आठवणीने आम्ही 'मोनोपॉली' काढली. चार तास झाले तरी डाव संपेना, दोघे लवकर बाद होऊन मोबाइल पाहत बसले आणि शेवटी भांडण होऊन डाव मोडला. आमचे काय चुकले?

उत्तर: बहुधा घरोघरी प्रचलित असलेले दोन नियम आपल्याही डावात शिरले असावेत. अनेक ठिकाणी दंड आणि कराचे पैसे पटाच्या मध्यभागी ठेवतात आणि 'फ्री पार्किंग'वर येणाऱ्याला ते सगळे देतात. अधिकृत नियमात असे काही नाही. तो चौकोन निव्वळ विश्रांतीचा आहे. असे पैसे परत खेळात आले की बुडणारा पुन्हा तरंगतो आणि डाव लांबतो. दुसरे म्हणजे, एखाद्याने पोहोचलेली जागा विकत घेतली नाही तर बँकेने तिचा लगेच लिलाव करायचा असतो, आणि ज्याने ती नाकारली त्यालाही बोली लावता येते. हा नियम बरेच जण पाळत नाहीत, त्यामुळे जागा कित्येक फेऱ्या तशाच पडून राहतात. छापील नियम पाळले तर डाव बराच आटोपशीर होतो. शिवाय वेळ आधी ठरवून, ती संपताच प्रत्येकाची मालमत्ता मोजून निकाल लावता येतो.

पण भांडणाचे मूळ यापेक्षा खोल आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या खेळाचे पेटंट घेतले होते. जमिनीची मालकी मोजक्या हातांत गेली की भाडे घेणारा अधिक श्रीमंत आणि भाडे देणारा अधिक गरीब कसा होत जातो, हे लोकांना अनुभवाने कळावे हा त्यांचा हेतू होता. त्याच खेळावरून पुढे 'मोनोपॉली' घडली आणि १९३५ साली पार्कर ब्रदर्सने ती बाजारात आणली. डावाच्या उत्तरार्धात हरणाऱ्याला जे असहाय वाटते ते म्हणूनच अपघाताने आलेले नाही. धडा म्हणून त्याचे मोल मोठे आहे, पण मित्रांच्या संध्याकाळी दोघांना दोन तास बाजूला बसवणारा खेळ मी निवडणार नाही.

क्लाउस टॉयबर यांचा 'कटान' १९९५ साली जर्मनीत आला आणि त्याच वर्षी तिथला 'वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळ' हा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यात कोणीही बाद होत नाही, आणि दुसऱ्याने टाकलेल्या फाशांवरही आपल्याला धान्य किंवा विटा मिळू शकतात. मोनोपॉलीतली देवघेव आणि घासाघीस ज्यांना आवडते त्यांना ती इथे भरपूर मिळते.

प्रश्न: 'कटान'मध्ये मी नेहमी ८ आकड्याच्या शेजारी घर बांधते आणि नेमका ८ पडतच नाही. फाशांवर चालणाऱ्या खेळात कौशल्याला काही जागा आहे का?

उत्तर: आहे. 'कटान'च्या पटावर जागोजागी आकडे असतात, आणि दोन फाशांची बेरीज जो आकडा दाखवते त्याच्या शेजारच्या घरांना माल मिळतो. दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज ७ येते, पाच-पाच जोड्यांची ६ आणि ८, तर २ आणि १२ प्रत्येकी एकाच जोडीतून येतात. म्हणून ८ ची निवड योग्यच आहे. पण डावात साठ वेळा फासे पडले असे धरले, तर ८ सरासरीने आठेक वेळा यावा. तो पाचच वेळा आला किंवा अकरा वेळा आला तरी त्यात नवल नाही. एवढ्या छोट्या डावात सरासरीचा भरवसा धरता येत नाही, म्हणून दोन्ही घरे एकाच आकड्यावर विसंबून न बांधता वेगवेगळ्या आकड्यांना लावून बांधावीत. सात पडल्यावर हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील तर निम्मे जातात, तेव्हा साठवण्यापेक्षा वेळेवर खर्च करणे आणि अदलाबदलीसाठी समोरच्याचे मन वळवणे ही कौशल्येही तितकीच महत्त्वाची आहेत.

प्रश्न: आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला स्पर्धा मुळीच आवडत नाही. ती केवळ आमच्यासाठी येते. तिला कच्चे लिंबू म्हणून खेळवावे, की नुसते बसू द्यावे?

उत्तर: मोठ्या माणसाला कच्चे लिंबू करू नये, आपल्याला सवलत मिळते आहे हे तिला कळल्यावाचून राहणार नाही. तिलाच विचारावे, आणि तिने नुसते बसायचे म्हटले तर ते मोकळेपणाने मान्य करावे. एखाद्याबरोबर जोडीने एकच हात खेळण्याचा पर्याय जरूर द्यावा. 'डिक्सिट' हा खेळ तिला रुचण्याजोगा आहे. त्यात स्वप्नातल्यासारखी चित्रे असलेल्या पत्त्यांवरून एखादे वाक्य सुचवायचे असते, आणि ते चित्र सगळ्यांनी ओळखले किंवा कोणीच ओळखले नाही तर सांगणाऱ्याला शून्य गुण मिळतात. धड उघड नाही आणि धड गूढही नाही असे बोलणे ज्याला जमते तो पुढे जातो, आणि स्पर्धा न आवडणाऱ्या शांत माणसांना ते पुष्कळदा सहज जमते.

प्रश्न: डाव ऐन रंगात असताना नियमावरून वाद झाला तर काय करावे?

उत्तर: पुस्तिका एकाच माणसाने उघडावी आणि दोन-तीन मिनिटे शोधावे. सापडले नाही तर फासा टाकून किंवा बहुमताने त्या डावापुरता निर्णय घ्यावा आणि पुढे खेळावे. खरा नियम डाव संपल्यावर सावकाश पाहावा. आधीच्या खेळ्या मागे नेऊन दुरुस्त करू नयेत.

प्रश्न: आमच्या खेळातल्या दोन सोंगट्या हरवल्या आहेत. पूर्ण खेळ नव्याने घ्यावा लागेल का?

उत्तर: मुळीच नाही. सोंगटीच्या जागी बटण किंवा रंगीत मणी चालतो. फक्त तो दुसऱ्या भिडूच्या रंगाशी जुळणारा नसावा. अनेक प्रकाशक विनंती केल्यास सुटे भाग पाठवतात, तेव्हा खोक्यावर दिलेल्या पत्त्यावर विचारून पाहावे. गड्डीतला एखादा पत्ता हरवला असेल तर मात्र अडचण मोठी असते, कारण वेगळ्या पाठीचा पत्ता गड्डीत लगेच ओळखू येतो. अशा वेळी सगळ्याच पत्त्यांना एकसारख्या अपारदर्शक पाठीची पाकिटे घालावीत आणि हरवलेल्याच्या जागी कागदावर लिहिलेला पत्ता ठेवावा. यापुढे प्रत्येक रंगाच्या सोंगट्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, आणि खोका बंद करण्याआधी ज्याने त्याने आपल्या रंगाच्या सोंगट्या मोजून द्याव्यात.